फणसाच्या पेटाऱ्यावर हर्णैचे बंदर: जलरंगातले चित्र लाकडावर कसे उतरवावे?

खाडीकाठ

सर्वांना नमस्कार. गेली चार वर्षे मी जलरंगात चित्रे काढते आहे. माझे माहेर दापोली तालुक्यातले, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी हर्णै बंदरावर वही घेऊन बसणे होते. संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू होण्याआधी होड्या एकेक करून उथळ पाण्यात येऊन थांबतात, मागे सुवर्णदुर्गाची काळीभोर तटबंदी असते आणि ओल्या वाळूत त्या सगळ्याचे प्रतिबिंब पडलेले असते. हे दृश्य मी निदान तीस वेळा तरी कागदावर उतरवले असेल.

गेल्या वर्षी आजीचा फणसाच्या लाकडाचा पेटारा पुण्याला माझ्या घरी आला. तो चार फूट लांब आणि वीस इंच उंच आहे, झाकण सपाट आहे, आणि दर्शनी बाजू दोन आडव्या फळ्या जोडून केलेली असल्यामुळे तळापासून साधारण बारा इंचांवर एक सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला आहे. जुने पॉलिश ठिकठिकाणी उडाले आहे. त्यावर हेच बंदर रंगवावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण आजी त्याच गावची होती आणि तिची लुगडी याच पेटाऱ्यात असत.

पेटाऱ्याला एकदम हात लावण्याचे धाडस झाले नाही, म्हणून सुताराकडून फणसाच्या फळीचा एक तुकडा आणला, तो घासला, त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या प्रायमरचे (रंगाखालच्या अस्तराचे) दोन हात दिले आणि माझ्या नेहमीच्या नळीतल्या जलरंगांनी आकाश व समुद्र रंगवला. दुसऱ्या दिवशी आकाशात चहा सांडल्यासारखे पिवळट डाग वर आले. पुढे पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशचा ब्रश फिरवताच निळा रंग विरघळून होडीच्या अंगावरून खाली ओघळला.

लाकडावर जलरंग वापरणेच चूक आहे का, की माझी तयारी कमी पडली? आणि दुसरी गोष्ट, जी खरे तर मला जास्त सलते: कागदावरसुद्धा माझा समुद्र निळा पत्रा अंथरल्यासारखा सपाट दिसतो आणि होड्या पाण्यात असण्याऐवजी पाण्यावर आणून ठेवल्यासारख्या वाटतात. लाकडावर जाण्याआधी हा दोष काढायला हवा असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चितारवाट

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लाकडातच आहे. फणसाच्या गाभ्यात पिवळा रंग भरलेला असतो, इतका की बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगवण्यासाठी पूर्वापार हेच लाकूड उकळून रंग काढला जात असे. तुम्ही पाण्यात मिसळणारे प्रायमर थेट लाकडावर लावले, तेव्हा त्या पाण्याने तो पिवळा रंग सोडवून वर ओढून आणला. प्रायमरचे आणखी चार हात दिले असते तरी डाग आलाच असता, कारण प्रत्येक हाताबरोबर पाणीही आत जाते. त्यामुळे लाकूड आणि पांढरे अस्तर यांच्यामध्ये पाण्याला अजिबात दाद न देणारा एक पडदा हवा, आणि आपल्याकडे त्यासाठी लाखेइतकी खात्रीची दुसरी वस्तू नाही.

आधी जुन्या पॉलिशवर स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा फिरवून पाहा. ते चिकट होऊन सुटू लागले तर ते लाखेचे पॉलिश आहे असे समजावे. ते स्पिरिटने पुसून काढल्यावर १२० नंबरच्या, मग १८० आणि शेवटी २२० नंबरच्या पॉलिशपेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा, आडवे घासू नका, कारण आडवे ओरखडे तुमच्या आकाशात शेवटपर्यंत दिसत राहतील. बाजारात चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) मिळते, ती एक लिटर स्पिरिटला साधारण पाव किलो या प्रमाणात काचेच्या बरणीत विरघळवून रात्रभर हलवू नका. तळाशी मेणाचा गढूळ साका बसतो. वरचे नितळ द्रावण तेवढे अलगद ओतून घ्यावे, कारण लाखेतले मेण राहिले तर वर दिलेले पाण्याचे अस्तर नीट धरत नाही आणि पुढे नखाने सोलले जाते. या नितळ लाखेचे दोन पातळ हात द्या, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा दिवा पेटता नसावा. हे काम पावसाळ्यात करू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण दमट हवेत लाख दुधाळ होते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत केलेत तर उत्तम.

त्यानंतर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर ३२० किंवा ४०० नंबरच्या पेपरने हलकी घासणी. बोट फिरवल्यावर पाटीसारखे गुळगुळीत लागले पाहिजे.

आता रंगांविषयी. नळीतला जलरंग डिंकात बांधलेला असतो आणि डिंक कितीही वाळला तरी पाणी लागताच पुन्हा सुटतो. कागदावर तो तंतूंत शिरून बसतो, पण प्रायमरवर तो नुसता पृष्ठभागावर पडून राहतो. म्हणून उघड्या फर्निचरवर मी जलरंग कधीच वापरत नाही. अ‍ॅक्रिलिक वापरा. मात्र तो नुसत्या पाण्याने फार पातळ करू नका, तसे केल्यास त्याला धरून ठेवणारे द्रव्यच कमी पडते. ग्लेझिंग मिडियम (रंग पातळ व पारदर्शक करणारे द्रव्य) मिसळून पातळ थर दिले, तर खालचा पांढरा अस्तर त्यातून दिसत राहतो आणि जलरंगाची झाक बऱ्याच अंशी साधते.

मी सावंतवाडीच्या चितारी कामाच्या परंपरेत शिकलो, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. दशावतारी गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल खेळपत्त्यांची, १२० पाने, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, करताना चिंचोक्याची खळ देऊन पान घोटतात, मग त्यावर चित्र आणि सर्वांत वर लाख. म्हणजे सगळी मेहनत चित्राच्या खाली आणि चित्राच्या वर असते, प्रत्यक्ष चित्र हा मधला एक पातळ थर. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली, तेव्हा पानांबरोबर पाट, चौरंग, पेट्या असे सामानही त्याच हाताने रंगू लागले. तुमच्या पेटाऱ्यालाही तोच हिशोब लावा: दहा दिवस काम केलेत तर त्यांतले सहा तयारीचे आणि दोन वार्निशचे असू द्या.

वार्निश पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेनच घ्यावे. तेलाचे वार्निश काही वर्षांत पिवळे पडते आणि निळ्यावर पिवळा पडदा आला की आकाश हिरवट दिसू लागते. तीन हात द्या, आणि पेटाऱ्यावर जड वस्तू ठेवण्याआधी निदान तीन आठवडे थांबा.

ओलाकागद

वर चितारवाट यांनी लाकडाचे सगळे सांगितले आहे, त्यामुळे मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण सपाट समुद्र हा जलरंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला भेटणारा दोष आहे आणि तो रंग कोणता घेतला यापेक्षा कुठे घेतला नाही यावरून ठरतो.

प्रथम रंगाविषयी. हर्णैचा समुद्र निळा आहे हे आपण डोक्यात आधीच ठरवून बसतो. संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहून नीट पाहिले, तर क्षितिजाजवळ करडा-निळा पट्टा असतो, मधल्या भागात हिरवट राखाडी आणि पायाशी वाळू मिसळलेले जवळजवळ मातकट पाणी. अल्ट्रामरीन या गडद निळ्यामध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी थोडा थोडा वाढवत गेलात तर याच तीन छटा एकाच मिश्रणातून मिळतात, आणि अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसून जो रवाळ पोत येतो, तो पाण्याला फार शोभतो. थॅलो ब्लू हा झगझगीत निळा मात्र दूर ठेवा. तो रंग स्वच्छ आणि देखणा आहे, पण कोकणच्या किनाऱ्याचा नाही.

आता उजेड. जलरंगात उजेड हा कागदाचा असतो, आपण फक्त त्याच्याभोवती रंग लावतो. सावंतवाडीचा उल्लेख निघालाच आहे म्हणून आठवण करून देतो: तिथेच १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले, दिवा हातात घेतलेल्या स्त्रीचे चित्र जलरंगातले आहे. दिव्यापुढे धरलेल्या तळव्याच्या बोटांमधून झिरपणारा तांबूस प्रकाश ज्याने प्रत्यक्ष पाहिला, त्याला पातळ रंगाची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. समुद्रावरचा चमचमाट असाच राखावा लागतो. ३०० जीएसएमचा खरखरीत सुती कागद घ्या, चपट्या ब्रशमधले पाणी फडक्याला टिपा आणि ब्रश जवळजवळ आडवा धरून कागदावरून एकदाच, झरकन, डावीकडून उजवीकडे न्या. कागदाचे उंचवटे रंग घेतील, खळगे पांढरे राहतील, आणि मावळतीची चकाकी आपोआप उमटेल. दुसऱ्यांदा त्यावरून ब्रश फिरवलात तर ती गेली.

सपाटपणाचे आणखी एक कारण म्हणजे लाटांच्या रेषा सगळीकडे सारख्या अंतरावर असणे. क्षितिजाजवळ त्या इतक्या जवळ येतात की वेगळ्या दिसतच नाहीत, आणि पायाशी दोन लाटांमध्ये हातभर पाणी दिसते. क्षितिजापासून खाली येताना प्रत्येक पट्टा आधीच्यापेक्षा रुंद होत गेला, तर एका रंगातसुद्धा पाणी दूर जाते.

ओल्या वाळूतले प्रतिबिंब रंगवताना दोन गोष्टी पाळा. प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या बरोबर खाली, उभे पडते. डोलकाठी डावीकडे झुकली असेल तर तिचे प्रतिबिंबही डावीकडेच झुकते. बरेच जण ते उलट काढतात आणि चित्रात काय खटकते आहे हे त्यांना कळत नाही. दुसरे, काळ्या होडीचे प्रतिबिंब होडीपेक्षा किंचित फिके आणि पांढऱ्या होडीचे किंचित गडद असते. ओली वाळू रंगवताना कागदही ओलाच हवा, म्हणजे प्रतिबिंबाच्या कडा आपसूक विरतात. मात्र अर्धवट वाळलेल्या कागदात पुन्हा पाणी घालू नका, नाहीतर फुलकोबीसारखे डाग उमटतात. पावसाळ्यात कागद वरून कोरडा भासतो आणि आतून ओला असतो, म्हणून त्या दिवसांत हाताची पालथी बाजू कागदाला लावून गारवा तपासायची सवय ठेवावी.

एका बाबतीत माझे मत चितारवाट यांच्यापेक्षा वेगळे आहे. संपूर्ण दर्शनी भाग पांढरा करून मग रंगवण्याची गरज मला वाटत नाही. फणसाच्या लाकडाला मुळातच वाळूचा रंग आहे. खालचा भाग नुसत्या लाखेवर तसाच उघडा ठेवून फक्त पाणी आणि आकाश यांच्यासाठी पांढरे अस्तर द्यावे, म्हणजे आजीचे लाकूड चित्रातही राहील.

नाळेवरून

मी चित्रकार नाही. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे आणि लहानपणापासून होड्यांची डागडुजी पाहिली आहे, म्हणून होड्यांपुरते बोलतो.

होड्या पाण्यावर ठेवल्यासारख्या दिसतात याचे कारण त्यांचा पाण्याखालचा भाग चित्र काढणाऱ्याने पाहिलेला नसतो. तो पाहायचा असेल तर जून-जुलैमध्ये या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, आणि तेव्हा नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, कशी उचललेली आहे, पोट कुठे सर्वांत फुगीर आहे आणि मागे सुकाणूकडे ते कसे आवळत जाते, हे सगळे उघड्यावर दिसते. चार दिवस नुसता हाच आकार वहीत काढा. होडीचा काठ ही सरळ रेषा कधीच नसते. तो मधे खाली उतरलेला आणि नाळेकडे वर चढलेला असतो. पाण्यात उतरल्यावर होडी किती बुडते हे तिच्या ओझ्यावर ठरते. पहाटे निघालेली रिकामी होडी आणि संध्याकाळी मासळी, बर्फ, जाळी घेऊन परतलेली होडी यांच्यात वीतभराचा फरक असतो. तुम्ही लिलावाच्या वेळचे चित्र काढता, म्हणजे तुमच्या होड्या खोल बसलेल्याच असल्या पाहिजेत.

नांगरलेल्या होड्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात. नांगराचा दोर नाळेला बांधलेला असतो, त्यामुळे पाण्याचा ओढ किंवा वारा जिकडून येतो तिकडे सगळ्यांच्या नाळी वळतात. हौशी चित्रांत पाच होड्यांची तोंडे पाच दिशांना असतात आणि आम्हाला ते पहिल्या नजरेत खटकते. ओहोटीत टेकलेल्या होड्या मात्र एका कुशीवर कलतात, त्यांचे वेगळे.

आणखी एक, आणि हे तुमच्या चित्रासाठी महत्त्वाचे आहे. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची अंदाजे वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे संध्याकाळी लिलावाच्या वेळी रुंद ओली वाळू आणि तिच्यात प्रतिबिंबे दिसतात ती पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत. अष्टमीला त्याच वेळी पाणी वर चढलेले असते आणि वाळूचा जेमतेम एक पट्टा उरतो. तुमच्या वहीतली तीस चित्रे वेगवेगळ्या तिथींची असणार. एका चित्रातली वाळू आणि दुसऱ्यातल्या होड्या एकत्र केल्यात, तर पाणी कुठे आहे याचा मेळच बसणार नाही. वहीत प्रत्येक पानावर तिथी लिहायला लागा.

खाडीकाठ

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. वही पुन्हा चाळली आणि नाळेवरून यांचे म्हणणे तंतोतंत पटले. माझ्या सर्वांत आवडत्या चित्रात वाळू पौर्णिमेची आहे आणि होड्या मी नंतर दुसऱ्या भेटीतल्या पानावरून त्यात घातल्या होत्या, त्या वाळूवर असूनही सरळ उभ्या आहेत.

फळीच्या दुसऱ्या तुकड्यावर नितळ लाखेचे दोन हात देऊन मग प्रायमर लावले, त्याला आज नऊ दिवस झाले, डाग आलेला नाही. आता अडचण सांध्याची आहे. तो लांबी (पुट्टी) भरून बुजवावा का? आणि खालचे लाकूड उघडे ठेवण्याची कल्पना मला फार आवडली आहे, तिच्यात काही धोका आहे का?

चितारवाट

सांधा बुजवू नका. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भरलेली लांबी दोन वर्षांत तडकेल आणि बरोबर चित्राचा पापुद्राही उचलला जाईल. सांध्याच्या दोन्ही कडा पॉलिशपेपरने किंचित गोल करा आणि प्रत्येक फळी स्वतंत्र रंगवा. माझ्या मते तो सांधा हीच क्षितिजरेषा धरावी. तळापासून बारा इंच म्हणजे खाली पाणी-वाळूला भरपूर जागा आणि वर आठ इंच आकाश. फट उन्हाळ्यात उघडली तरी ती क्षितिजावरच उघडेल.

लाकूड उघडे ठेवण्यात धोका नाही, पण एक जाणून असा. फणसाचे ताजे घासलेले लाकूड पिवळे दिसते आणि उजेडात काही वर्षांत तांबूस तपकिरी होत जाते. आज वाळूशी जुळणारा रंग उद्या ओल्या मातीचा होईल, तेव्हा पाण्याच्या छटा आताच थोड्या गडद ठेवा.

ओलाकागद

सांध्यावर क्षितिज नेऊ नये असे मला वाटते. फटीची काळी, धारदार रेषा आणि संध्याकाळच्या धूसर हवेतले क्षितिज यांचे जमणार नाही, तिथे तर कडा विरलेली हवी. क्षितिज सांध्याच्या दोन बोटे खाली घ्या आणि सांधा आकाशातल्या आडव्या ढगांच्या पट्ट्यांत येऊ द्या. सुवर्णदुर्गाची तटबंदी क्षितिजाच्या थोडी खालपासून वर चढते, ती खालच्या फळीत निम्मी आणि वरच्या फळीत निम्मी अशी तुटली तर तिचे वजन जाईल; क्षितिज दोन बोटे खाली आणल्यावर, तट तेवढ्याच उंचीचा ठेवलात, तर तो अखंड खालच्या फळीत राहतो. डोलकाठ्या तेवढ्या सांधा ओलांडतील, त्याला हरकत नाही.

चितारवाट

तटबंदीचा मुद्दा मान्य आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. क्षितिज खालीच घ्यावे.

झाकणाविषयी तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगतो. झाकणावर चित्र काढू नका. पेटाऱ्यावर माणसे बसतात, कपड्यांच्या घड्या ठेवतात, कोणी ओला पेला ठेवते. तिथे पांढरे अस्तर नसल्यामुळे पिवळ्या डागाचा प्रश्न नाही, म्हणून लाखेऐवजी तेच पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन थेट घासलेल्या लाकडावर द्या आणि कडेने, कंगोऱ्याच्या आत, फक्त एक गडद निळी रेघ ओढा. आतून पेटारा कोराच ठेवा. लुगडी पुन्हा ठेवणार असाल तर रंगाचा आणि वार्निशचा वास पूर्ण जाईपर्यंत झाकण उघडे ठेवून महिनाभर थांबा, आणि त्यानंतरही पहिली घडी जुन्या सुती कापडात गुंडाळून मगच आत ठेवा.